'रद्द करा' म्हणजे नक्की काय करा?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे शनिवारची रात्र, दहा वाजलेले. बाबांकडे रविवारची सकाळ, साडेआठ. बाबा एका सरकारी संकेतस्थळावर एका दाखल्यासाठी अर्ज भरत होते (संकेतस्थळाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एकाचा नाहीच) आणि मी फोनवर, इकडे पार्सिपनीत, चहाचा कप हातात धरून त्यांना धीर देत होते. चाळीस मिनिटं झाली होती. नाव, पत्ता, आधार, फोटो, सगळं चढवून झालं होतं. तेवढ्यात कुठेतरी बोट लागलं आणि पडद्यावर एक चौकट आली. बाबांनी वाचून दाखवलं :

"अगं, हा विचारतोय, तुम्हाला अर्ज रद्द करायचा आहे का? खाली दोन बटणं आहेत. एकावर लिहिलंय 'ठीक आहे'. दुसऱ्यावर लिहिलंय 'रद्द करा'. मला रद्द करायचा नाहीये. मग मी काय दाबू?"

वाचकहो, मी याच विषयात पीएचडी केली आहे. माणसं पडद्यावरची बटणं कशी वाचतात, कुठे अडखळतात, यावर साडेपाच वर्षं घालवली आहेत. तरी मला दोन क्षण उत्तर सुचेना. अर्ज रद्द करायचा नसेल तर 'रद्द करा' दाबायचं, कारण त्याने रद्द करणं रद्द होतं! हे फोनवरून सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कसं सांगायचं, याचा विचार करत मी म्हटलं, "ठीक आहे बाबा, थांबा जरा..."

बाबांनी "ठीक आहे" एवढंच ऐकलं आणि ते दाबलं.

अर्ज गेला. चाळीस मिनिटं गेली. मी हसले, पण बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "माझंच चुकलं. आम्हाला काही हे जमायचं नाही." मग सोमवारी एसटीने तालुक्याला जाऊन, एका केंद्रावर पैसे देऊन त्यांनी तोच अर्ज एका वीस वर्षांच्या मुलाकडून भरून घेतला.

मला राग आला तो त्या "माझंच चुकलं"चा. तेहतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलेला हा माणूस. एखाद्या विद्यार्थ्याने "रद्द करायचं नसेल तर रद्द करा" असं वाक्य लिहिलं असतं तर त्यांनी लाल पेन्सिलीने खोडून समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण तेच वाक्य पडद्यावर आलं की चूक आपली!

आता हे घडतं कसं ते सांगते, कारण यात कुणी दुष्ट नाही. ती चौकट संकेतस्थळाने बनवलेली नसते. प्रश्न तेवढा संकेतस्थळाचा असतो आणि खालची बटणं ब्राउझर पुरवतो. ब्राउझरची बटणं ठरलेली : इंग्रजीत 'ओके' आणि 'कॅन्सल', मराठीत 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'. प्रश्न लिहिणाऱ्याने बटणं पाहिली नाहीत. बटणांचं भाषांतर करणाऱ्याने प्रश्न पाहिला नाही. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं, आणि दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्यावर माझ्या बाबांचा अर्ज उडाला.

हे होऊ नये म्हणून जी व्यवस्था लावतात तिला आमच्या धंद्यात 'डिझाइन सिस्टिम' म्हणतात. चांगला मराठी शब्द मला सापडलेला नाही, कुणाला सापडला तर हवाच आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, बटण कसं दिसेल, त्यावर काय लिहिलेलं असेल, दाबल्यावर काय होईल, तारीख कशी विचारायची, नाव कसं विचारायचं, चूक झाली तर कोणत्या शब्दांत सांगायचं, हे सगळं एकदा ठरवायचं, एका जागी लिहून ठेवायचं, त्याचे तयार भाग करून ठेवायचे आणि मग प्रत्येक नवं पान त्याच भागांतून जुळवायचं. लग्नाच्या स्वयंपाकाला प्रत्येक आचारी आपला मसाला घेऊन आला तर पंगत कशी होईल? मसाला एकाच डब्यातून यायला हवा, इतकी साधी कल्पना.

साधी, पण नवी मुळीच नाही. मी राहते त्या पार्सिपनीचंच उदाहरण देते. न्यू जर्सीतलं हे गाव तुम्ही कुठल्या सिनेमात पाहिलं नसेल. मॅनहॅटनच्या पश्चिमेला, गर्दी नसेल तर तासाभराच्या आत. ८० आणि २८७ हे दोन मोठे हमरस्ते इथे एकमेकांना छेदतात. लेक हायवाथा नावाच्या भागात संध्याकाळी चक्कर मारली तर मराठी, गुजराती, तेलुगू कानावर पडतं. बाकी सगळ्या कचेऱ्या आणि हॉटेलं. इथल्याच सिल्व्हन वे नावाच्या एका शांत रस्त्यावर विंडम या हॉटेल कंपनीचं मुख्यालय आहे. डेज इन, सुपर ८, रमाडा, हॉवर्ड जॉन्सन या सगळ्या पाट्या त्यांच्याच. जगभरात हजारो हॉटेलं, पण इमारती जवळजवळ सगळ्या दुसऱ्यांच्या. पुष्कळदा आपल्याच लोकांच्या : अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांची 'आहोआ' नावाची संघटना आहे, तिच्या म्हणण्याप्रमाणे देशातली सुमारे साठ टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत. मग सिल्व्हन वेवर बसून विंडम विकते काय? नाव, आरक्षणाची यंत्रणा आणि नियमांचं बाड. पाटी केवढी, खोलीत काय असलंच पाहिजे, पाहुण्याला काय मिळालंच पाहिजे. रात्री दोन वाजता ओहायोत गाडी थांबवणाऱ्या माणसाला आत काय मिळेल हे आधीच माहीत असावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

या कल्पनेचा एक आजोबा त्याच पाट्यांमध्ये आहे. हॉवर्ड जॉन्सनने १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावात छोटं दुकान घेतलं आणि आइस्क्रीम करायला लागला. १९३५ मध्ये त्याने केप कॉडवर आपलं नाव दुसऱ्याला वापरायला देऊन उपाहारगृह काढलं, अट एकच : सगळं माझ्यासारखं. पुढे हमरस्त्यांवर त्याची नारिंगी छपरं दिसू लागली. मोटारीतल्या पोरांना छप्पर मैलभर आधी दिसे आणि आत अठ्ठावीस प्रकारची आइस्क्रीमं आहेत हे पाठ असे.

इथे माझे कलावंत मित्र तोंड वाकडं करतात. म्हणतात, सगळं सारखंच असेल तर जगात मजा काय? पुण्यातल्या प्रत्येक अमृततुल्यात चहा वेगळा लागतो, तीच तर गंमत! मला हे पटतं. चहाच्या बाबतीत पूर्ण पटतं. पण माझे बाबा त्या संकेतस्थळावर मजा करायला गेले नव्हते. त्यांना दाखला हवा होता. जिथे माणूस हौसेने जातो तिथे वेगळेपण हवं. जिथे नाइलाजाने जातो, तिथे कालच्यासारखंच आजही असणं हाच सन्मान.

आणि आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं समजू नका. सातबारा काय आहे? शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्यात दोन आकडे आहेत हेही आपण विसरतो. गावच्या महसुली कागदांचे एकवीस नमुने ठरलेले आहेत. त्यातला सातवा हक्काचा आणि बारावा पिकांचा, ते दोन एका कागदावर आले की सातबारा. सहावा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातेदाराचा उतारा. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा मुंबई इलाख्यातले, निजामाच्या राज्यातून आलेले आणि मध्य प्रांतातून आलेले जिल्हे आपापला महसूल कायदा घेऊन आले होते. १९६६ ची जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि सगळे एका चौकटीत आले. आज सिंधुदुर्गातला असो की गडचिरोलीतला, जेमतेम सही करणारा शेतकरीही 'इतर हक्क'च्या रकान्यावर बोट ठेवून सांगतो, "इथं सोसायटीचा बोजा हाय बघा." कागद दिसायला देखणा मुळीच नाही. पण रकाना हलत नाही! माझ्या लेखी हीच मराठी मुलखातली सगळ्यात यशस्वी डिझाइन सिस्टिम, आणि ती करणाऱ्यांनी हा शब्द ऐकलाही नव्हता.

मग पडद्यावर आल्यावर आपण ते विसरलो कसं? मला वाटतं, सारखेपणा म्हणजे रंगाचा सारखेपणा असा आपला समज झाला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या सगळ्या संकेतस्थळांसाठी 'डिजिटल ब्रँड आयडेंटिटी मॅन्युअल' काढलं. रंग, टंक, बोधचिन्हं यांची शिस्त त्यात आहे. चांगलीच गोष्ट, उशिरा का होईना. पण बाबांची अडचण निळ्या रंगाची नव्हती, शब्दाची होती. त्या एका अर्जात पुढच्या पानावर जाण्यासाठी एकदा 'पुढे जा', एकदा 'जतन करा', एकदा 'सबमिट' आणि शेवटी 'प्रस्तुत करा' असं होतं. चारही बटणं हिरवी, एकाच मापाची. दिसायला अगदी सुसंगत!

मी वैद्यकीय उपकरणांच्या पडद्यांवर काम करते. तिथे 'थांबवा' आणि 'तात्पुरतं थांबवा' या दोन शब्दांवर आम्ही सहा जणांनी पाच आठवडे वाद घातला आहे. तेव्हा मलाही तो वेडेपणा वाटला होता. आता वाटतं, बाबांच्या अर्जावर कुणी पाच मिनिटं तरी भांडायला हवं होतं.

तारखेचं घ्या. बाबांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९५१. (त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून. त्या काळच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस एका दिवशी आणून ठेवला आहे.) त्या अर्जात जन्मतारखेसाठी छोटं कॅलेंडर उघडत होतं, या महिन्यापासून, आणि मागे जायला एक बाण. एका टिचकीला एक महिना. १९५१ पर्यंत जायला जवळजवळ नऊशे टिचक्या. ब्रिटिश सरकारची डिझाइन सिस्टिम २०१८ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यात याचं उत्तर लिहून ठेवलंय : जी तारीख माणसाला तोंडपाठ असते तिच्यासाठी कॅलेंडर दाखवू नका, दिवस, महिना, वर्ष असे तीन रिकामे रकाने द्या. बस्स. एकाने एकदा डोकं चालवलं, बाकीच्यांनी ते उचललं.

नावाचं प्रकरण याहून नाजूक. अमेरिकेत नाव म्हणजे फर्स्ट, मिडल, लास्ट, आणि मधलं नाव असलं काय, नसलं काय. मी इथे आल्यावर पहिल्या वर्षी एका कार्यालयातल्या बाईंनी माझं मधलं नाव पाहून विचारलं, "हे पुरुषाचं नाव वाटतं?" म्हटलं, हो, वडिलांचं आहे. त्यांनी ओळखपत्रावर एक अक्षर आणि एक टिंब ठेवलं. तेवढेच बाबा उरले! ज्यांना आडनावच नसतं त्या दक्षिणेकडच्या मित्रांचे हाल विचारू नका. पासपोर्टावर सगळं एकाच रकान्यात असलं की व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात', आणि मग दवाखान्यात नर्स "फ्नू, फ्नू" करून हाका मारते.

परक्यांचं सोडा. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायची. मला फार आनंद झाला. आई इतकी वर्षं बाजूच्या रकान्यात उभी होती, ती आता ओळीत आली. पण त्या रात्री माझ्यातली इंजिनिअर झोपली नाही. राज्यात शाळाप्रवेश, रेशन, जातीचे दाखले, शिष्यवृत्त्या, आरोग्य, जमीन यांचे पडद्यावरचे अर्ज किती असतील? प्रत्येकात नावाचे रकाने वेगळ्या कंत्राटदाराने वेगळे बनवले असतील तर चौथा रकाना प्रत्येकाला वेगळा जोडावा लागणार. एखादा जोडेल. एखादा म्हणेल, आई आणि वडील दोघांना 'मधलं नाव' मध्ये घाला. एखादा आईला बाळाच्या नावाला चिकटवेल. आणि मग ती मुलं पंधरा-सोळा वर्षांची होऊन कुठल्यातरी परीक्षेचा अर्ज भरतील तेव्हा यंत्र म्हणेल, तुमची दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत. नावाचा रकाना जर एकच असता, एका ठिकाणी बनवलेला आणि सगळ्यांनी तिथून घेतलेला, तर हा निर्णय एका जागी बदलला की सगळीकडे पोचला असता. डिझाइन सिस्टिमचं याहून चांगलं समर्थन मला सुचत नाही. आईचं नाव सगळीकडे नीट लागावं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

अक्षरांचंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. आपण शाळेत जो ल गिरवला तो. तरी पुष्कळ मराठी पानांवर हिंदी वळणाचा दंडवाला ल दिसतो. यात टंक बनवणाऱ्यांचा दोष असेलच असं नाही. 'नोटो'सारख्या टंकांत दोन्ही रूपं ठेवलेली असतात आणि पानाने आपली भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी ल आपोआप पुढे येतो. सांगायला लागते पानाच्या डोक्यावर एक छोटी खूण. ती कुणी घालत नाही, किंवा हिंदी पान उतरवून घेताना हिंदीची खूण तशीच राहते. 'ॲ'ची आणखी एक गंमत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ टंकून त्यावर चंद्र काढत, अजूनही काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. यंत्राला कुणी मुद्दाम शिकवलं नसेल तर 'ॲड.' लावून नोंदवलेले वकीलसाहेब दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाहीत. कुणीतरी एकदा ठरवायला हवं, आत साठवताना एकच रूप. ठरवायला एक दुपार लागेल.

ठरवायला दुपार लागते, सांभाळायला मात्र माणसं लागतात, आणि खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेचं उदाहरण ताजं आहे. इथल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपली डिझाइन सिस्टिम काढली, २०१८ मध्ये सरकारी संकेतस्थळं एकसारखी आणि सर्वांना वापरता येतील अशी असावीत यासाठी कायदा केला. ती उभारणाऱ्यांत '१८एफ' नावाचा सरकारी तंत्रज्ञांचा एक गट होता. १ मार्च २०२५ ला, शनिवारी, तो अख्खा गट बंद केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून सरकारी संकेतस्थळं सुंदर करण्यासाठी नवीन 'नॅशनल डिझाइन स्टुडिओ' काढला. आधी माळी काढून टाकायचा, मग बाग सुशोभीकरण समिती नेमायची, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही! आणि त्या नारिंगी छपरांचं काय झालं? मालक बदलत गेले, नियम सांभाळणारं कुणी उरलं नाही, आणि लेक जॉर्जमधलं शेवटचं उपाहारगृह २०२२ मध्ये बंद झालं. नाव मात्र हॉटेलांच्या पाट्यांवर अजून आहे.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. महाराष्ट्राने रंगाआधी शब्द ठरवावेत. पन्नास-साठ क्रियापदं असतील : भरा, जपून ठेवा, पाठवा, मागे जा, बंद करा. त्यांचे अर्थ मराठीतच ठरवावेत, इंग्रजी किंवा हिंदी समोर ठेवून उतरवू नयेत. नाव, तारीख, पत्ता यांचे तयार रकाने बनवून सगळ्या खात्यांना फुकट द्यावेत आणि कंत्राटात लिहावं की हेच वापरायचे. आणि पाच-सहा माणसं कायमची नेमावीत, ज्यांचं रोजचं काम एवढंच. त्यातला एक तरी निवृत्त मराठीचा शिक्षक असावा. (माझ्याकडे एक उमेदवार आहे, पण तो आता तालुक्यालाच जातो म्हणतो.)

मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा बाबांच्या टेबलावर शाळेची जुनी हजेरीवही दिसली. उघडली तर मुलांच्या नावांच्या जागी, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात, शब्द उतरवलेले. डावीकडे पडद्यावरचा शब्द, उजवीकडे अर्थ. 'लॉग आउट – बाहेर पडणे, पैसे जात नाहीत.' 'जतन करा – अर्ज गेला नाही, फक्त ठेवला.' 'सत्र समाप्त – आपली चूक नाही, पुन्हा सुरू करणे.' 'रद्द करा'पुढे मात्र तीन अर्थ लिहून तिन्ही खोडले होते आणि समासात, लाल पेन्सिलीने, प्रश्नचिन्ह काढलं होतं.